ड्रायव्हरबाईंचं सरकतं पान

बस थांबली हे प्रवाशाला खिडकीतून कळावं, पोटातून कळू नये, असं ती म्हणायची. नुसतं म्हणायची नाही, चालवायचीही तशीच. तिच्या बसमध्ये एक नर्स रोज उभ्याने विणकाम करत जायची. त्या मार्गावर दुसऱ्या कुणाची बस आली की ती सुया मुकाट्याने पिशवीत टाकायची आणि दांडा धरायची. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठल्या ड्रायव्हरला मिळणार.

मग तिचा खांदा गेला. एका दिवसात नाही गेला. आधी कुरकुरला, मग रुसला, आणि शेवटी स्टिअरिंग वळवताना हात अर्ध्यावरच अडायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "बाई, आता दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या." डेपोने तिला पासाच्या खिडकीत बसवलं. काही दिवस ती बसली, आणि एका संध्याकाळी घरी येऊन चपला न काढताच म्हणाली, "सगळं जग पुढे चाललंय आणि मी त्या काचेमागे मुरत पडलेय. मला नाही जमायचं."

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मितभाषी माणूस. दिवसभर मशीनच्या घरघरीत बसल्यामुळे बोलणं म्हणजे उगाच आवाजात आवाज, असं त्याचं मत झालं होतं. त्या दिवशीही तो फक्त "हं" म्हणाला. पण त्याच्या दुकानाशेजारून एक अरुंद जिना वर जायचा, आणि वरच्या खोलीत वेबसाइट बनवणारं एक छोटं ऑफिस होतं. तिथले साहेब चष्म्याची दांडी सैल झाली की खाली यायचे. दांडी घट्ट करता करता त्याच्या कानावर पडलं की पानं नीट चालतात का हे तपासायला त्यांना कुणीतरी हवंय, शिकलेलं नसलं तरी चालेल, पण न चिडणारं हवं.

"माझी बायको आहे," नवरा म्हणाला. "भर रहदारीत नोकरी केलीय तिने."

साहेब म्हणाले, "बघू." ते सगळ्यालाच "बघू" म्हणत, म्हणून मागे सगळे त्यांना बघूसाहेब म्हणत. त्यांच्या "बघू"चा अर्थ बहुतेक वेळा "हो" असतो, हे तिला नंतर कळलं.

पहिल्याच दिवशी तिला एका फर्निचरच्या दुकानाचं पान तपासायला दिलं. लांबलचक पान. वर नावं: खुर्च्या, टेबलं, कपाटं, पत्ता. तिने "पत्ता" दाबलं, आणि दुसऱ्या क्षणी समोर एकदम वेगळंच काहीतरी. तिने नकळत खुर्चीचा हात धरला.

"आत्ता काय झालं?" तिने शेजाऱ्याला विचारलं. शेजारी बसायचा तो पानांचे रंग आणि अक्षरं ठरवायचा. ऑफिसात त्याला रंगवाला म्हणत.

"काही नाही. पान तळाला गेलं."

"गेलं कसं? मधल्या खुर्च्या-टेबलं कुठे गेली?"

"आहेत की वर. उडी मारली त्याने. सगळीकडे असंच असतं."

"सगळे असाच ब्रेक मारतात म्हणून काय तो बरोबर होतो?"

रंगवाल्याला हसू आलं. तो तिच्या खुर्चीजवळ सरकला, पानाच्या कोडमध्ये एकच ओळ टाकली आणि म्हणाला, "आता दाबा." तिने दाबलं. आणि पान निघालं. खुर्च्या वर गेल्या, टेबलं गेली, कपाटं गेली, आणि पत्ता येऊन हलकेच थांबला. कुठून कुठे आलो ते तिला नीट दिसलं. तिने ते परत केलं. मग परत. चहा निवला तरी तिचं चालूच होतं.

"एका ओळीत?" तिने विचारलं.

"एका ओळीत."

"मग ती ओळ मला शिकवा."

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं म्हणतात. हिने शेपटाला धरून अख्खा हत्ती बाहेर ओढला. त्या एका ओळीच्या मागची ओळ, तिच्या मागची आणखी एक, असं करत ती जेवणाच्या सुट्टीत रंगवाल्याचं डोकं खात राहिली. वर्ष सरलं तेव्हा ती पानं तपासत नव्हती, बनवत होती. चुकायची भरपूर. एकदा तिने एका पुस्तकांच्या दुकानाचं अख्खं पान उलटं करून ठेवलं होतं, आणि मालकाला ती नवी फॅशन वाटली म्हणून बिचारा काही बोलला नव्हता. पण ऑफिसात तिला ड्रायव्हरबाई हे नाव पडलं ते या घोळांमुळे नाही. तिच्या हातून सुटलेलं पान कधी धक्का देत नसे, म्हणून पडलं.

तिच्या घराच्या खालच्या मजल्यावर तिची नणंद राहायची. लॉन्ड्रीत इस्त्री करायची, आणि शनिवारी दुपारी एका गायकवृंदात गायची. नणंद-भावजयीचं नातं विळ्या-भोपळ्याचं म्हणतात. या दोघींचं सुईदोऱ्याचं होतं, फक्त सुई कोण आणि दोरा कोण यावर एकमत नव्हतं. एका संध्याकाळी नणंद वर आली, हातात कागदांची जाडजूड चळत, कोपरे कुत्र्याच्या कानासारखे दुमडलेले.

"वहिनी, हे बघ. आमचं कामाचं गाणं."

या गाण्याबद्दल ड्रायव्हरबाईंनी ऐकलं होतं. गायकवृंदाने स्वतःच रचलेलं लांब गाणं, एका कडव्यात एक काम. बेकरीवाला, पोस्टमन, इस्त्रीवाली, सलूनवाला, नळदुरुस्तीवाला. दरवर्षी कुणीतरी एखादं कडवं वाढवायचं. वर्षातून एका रविवारी त्यांचा कार्यक्रम असायचा आणि त्याची गंमत अशी की कडव्यांचा क्रम श्रोते ठरवायचे. कुणी ओरडायचं "पोस्टमन", की पोस्टमनचं कडवं.

"गंमत श्रोत्यांना," नणंद म्हणाली. "आम्हाला कागदांची फडफड. कुणी पोस्टमन म्हटलं की अख्खा वृंद कबुतरखान्यासारखा फडफडतो. मागच्या वर्षी माझा इस्त्रीवालीचा कागद खाली पडला आणि मी माझ्याच धंद्याचं कडवं नुसते ओठ हलवून म्हटलं. हॉलमध्ये आमच्या समोरच्या भिंतीवर मोठा पडदा आहे. तिथे दिसेल असं एक पान कर ना. सगळी कडवी एकाखाली एक, वर नावं. नाव दाबलं की ते कडवं समोर."

"एवढंच ना?"

"एवढंच म्हणणारीच फसते, लक्षात ठेव."

ड्रायव्हरबाईंनी बघूसाहेबांना विचारलं. ते "बघू" म्हणाले, आणि ती त्याच दिवशी कामाला लागली. पान छान झालं. घरच्या कॉम्प्युटरवर तिने नवऱ्याला बसवलं. त्याने चष्मा पुसला, "बेकरीवाला" दाबलं, मग "माळी" दाबलं, मग परत "बेकरीवाला". पान वरखाली घरंगळत राहिलं.

"घसरगुंडी," तो म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ खेळला. त्याच्याकडून एवढी दाद म्हणजे चिक्कार झाली.

गायकवृंदाची तालीम पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत, वरच्या हॉलमध्ये असायची. जिना चढतानाच क्लोरीनचा वास यायचा, आणि गाण्याच्या मधल्या शांततेत खालून शिट्ट्या आणि पाण्याचे धपाधप आवाज यायचे. हॉलचा जुनाट कॉम्प्युटर एका लोखंडी पेटीत बंद होता. बाहेर फक्त माउस आणि कीबोर्ड. पेटीची किल्ली तलावाच्या मॅनेजरकडे.

"त्यात नवीन ब्राउझर टाकता येईल का?" ड्रायव्हरबाईंनी त्यांना विचारलं.

"तो चालतोय ना?" मॅनेजर म्हणाले. "मग त्याला काही शिकवू नका. मागे एकाने शिकवायला घेतलं, तेव्हापासून तो प्रिंटरशी बोलत नाही."

वृंदाला गाणं शिकवणाऱ्या बाई निवृत्त गणित शिक्षिका होत्या. गाणंही फळ्यावरचं उदाहरण सोडवावं तसं पायरी पायरीने बसवत. त्यांनी हात वर केला, म्हणाल्या, "इस्त्रीवाली." ड्रायव्हरबाईंनी नाव दाबलं.

पानाने दाणकन उडी मारली. कडव्याचं शीर्षक पडद्याच्या वरच्या काठामागे गेलं, आणि समोर दोन कडवी दिसत राहिली: इस्त्रीवालीचं आणि त्याखाली सलूनवाल्याचं. शीर्षक दिसेना, म्हणून ज्याला जे आधी दिसलं ते त्याने धरलं. बाईंचा हात तोवर खाली आला होता. अर्ध्यांनी सदऱ्याची दाढी केली, अर्ध्यांनी गालांना इस्त्री. तरीही दोन ओळी सगळे रेटून गायले. मग पहिल्या रांगेतली एक बाई हसायला लागली, आणि हसणं रांगारांगांतून मागे पोचलं. फक्त ड्रायव्हरबाई हसल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

बाई म्हणाल्या, "पान जमत नसेल तर आपले कागद आहेत. त्यात कमीपणा नाही."

"बाई, माझी वहिनी गाडी रस्त्यात सोडून जाणाऱ्यातली नाही," नणंद मागून म्हणाली. "तिला एक शनिवार द्या."

घरी जाताना नणंद म्हणाली, "गालाला इस्त्री," आणि तिथे मात्र ड्रायव्हरबाईंनाही हसू फुटलं. भिंतीला टेकून दोघी पोट धरून हसल्या.

सोमवारी तिने रंगवाल्याला सगळं सांगितलं. त्याने मान हलवली. "ती एक ओळ नव्या ब्राउझरला कळते. जुन्याला नाही कळत. आणि जे कळत नाही ते तो मुकाट्याने सोडून देतो, तक्रारसुद्धा करत नाही. म्हणून पान चालतं, पण उड्या मारत."

"म्हणजे जुन्याला हाताला धरून न्यावं लागेल."

"न्यावं लागेल. पण जुन्यांसाठी एवढा खटाटोप आता कुणी करत नाही हो."

"मला त्याच बसने माणसं न्यायचीत," ती म्हणाली. "दुसरी बस मॅनेजर देत नाहीत."

मग रंगवाल्यानेच कपाटामागून एक जुना कॉम्प्युटर काढून दिला. बघूसाहेब त्यावर पाय ठेवून बसायचे. तपासायला तोच बरा होता. ड्रायव्हरबाईंनी ठरवलं की पानाने आधी ब्राउझरला विचारायचं: तुला सरकता येतं का? येत असेल तर त्याला मोकळं सोडायचं. येत नसेल तर पानाने स्वतःच बारीक बारीक पावलं टाकत खाली जायचं, इतकी बारीक की डोळ्याला पावलं दिसूच नयेत.

लिहिलं, आणि जुन्या कॉम्प्युटरवर काहीच झालं नाही. उडीसुद्धा नाही. अर्धा दिवस ती कपाळाला हात लावून बसली. मग रंगवाल्याच्या लक्षात आलं की तिने नव्या वळणाचा कोड लिहिलाय. जुन्या ब्राउझरला त्यातलं एक वाक्य वाचता येत नव्हतं, आणि एक अडलं की तो बाकीचं सगळंच वाचायचं नाकारायचा. तिने ते सगळं जुन्या, साध्या वळणात परत लिहिलं. मग पान हललं. पण एका ब्राउझरमध्ये हलायचं, दुसऱ्या जुन्यात ढिम्म. तिथे पानाचा कुठला भाग ढकलायचा हेच वेगळं होतं. दार ओढायचं की ढकलायचं हे लिहिलेलं नसलं की माणूस जसा दोन्ही करून बघतो, तसं तिने दोन्ही करून बघितलं. एका बाजूने दार उघडलं. वर कडेला थोडी जागा सोडून थांबायचं हेही तिने त्याला सांगितलं, म्हणजे शीर्षक लपणार नाही.

इथवर ठीक होतं. पण लगाम एकदा स्वतःच्या हातात आला की माणसाला जरा चढतंच. पुढच्या शनिवारी ती हॉलवर गेली तेव्हा तिने पानाचा वेग अगदी राजेशाही ठेवला होता. शिवाय माउसचं चाकही तिने आपल्याच ताब्यात घेतलं होतं. कुणी मधेच चाक फिरवलं तर पान ऐकणार नाही, आपल्या ठरल्या चालीनेच जाणार.

बाई म्हणाल्या, "माळी." माळ्याचं कडवं तळाशी होतं. पान निघालं. बेकरीवाला गेला, पोस्टमन गेला. बाईंचा हात वर. वृंदाने श्वास घेतलेला. सलूनवाला गेला. श्वास अजून आतच. नळदुरुस्तीवाला सावकाश आला आणि सावकाश गेला. मागच्या रांगेत कुणाचा तरी श्वास सुटला. बाईंनी वर धरलेला हात तसाच ठेवून मान वळवली आणि म्हणाल्या, "ड्रायव्हरबाई, माळी रिटायर होईल हो."

कुणीतरी पुढे येऊन चाक फिरवलं, पान खाली ओढायला बघितलं. पान अडून बसलं, आणि पडद्यावर अक्षरं थरथरायला लागली. तेवढ्यात सगळ्यात खालच्या पट्टीत गाणारे शिंपीकाका डोळे मिटून खुर्चीवर बसले.

"थांबवा ते," ते म्हणाले. "मला गरगरतंय."

तालीम थांबली. शिंपीकाका भिंतीला धरून जिन्यापर्यंत गेले, आणि तलावाच्या काचेसमोरच्या बाकावर जाऊन बसले. ड्रायव्हरबाई पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यामागे गेल्या.

"काका, माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे नाही. माझ्या कानामुळे." त्यांनी घोट घेतला. "आतल्या कानाचं दुखणं आहे, जुनं. समोर एवढं मोठं काही सरकलं की माझ्या पायाखालची जमीनही त्याच्याबरोबर निघते. म्हणून मी सिनेमालाही जात नाही. शिलाई मशीनवर मात्र काही होत नाही, सुई एकाच जागी नाचते ना."

"मग आता?"

"आता काय. गाणं मी सोडणार नाही. भिंतीकडे पाठ करून गाईन. लोकांना माझा चेहरा बघायची तशीही फारशी हौस नाही."

ते हसले. ड्रायव्हरबाईंना हसता आलं नाही. इतकी वर्षं बस चालवताना तिने प्रवाशांना धक्का बसू नये एवढंच बघितलं होतं. न बसणाऱ्या धक्क्यानेही कुणाला त्रास होऊ शकतो, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"घरी कॉम्प्युटर वापरता तुम्ही?"

"वापरतो की. टॅबलेट आहे. नातीने त्याला सांगून ठेवलंय, आजोबांसमोर कमी हलायचं. बऱ्याच पानांना कळतं ते. तुमच्यालाही कळेल का?"

ड्रायव्हरबाई बाकावरून उठल्याच. "कळेल," त्या म्हणाल्या. "कळायलाच पाहिजे. विचारायचं मीच विसरले."

यानंतर तिने मोडतोड केली ती मन लावून, पण अंगात आलेला तोरा बाजूला ठेवून. मशीनला "कमी हलायचं" असं सांगून ठेवलेलं असेल तर पान सरकणार नाही. सरळ त्या कडव्यावर जाईल, आणि ते कडवं हलक्या पिवळ्या रंगात उजळेल, म्हणजे नजर चुकणार नाही. ज्या जुन्या मशीनला असं सांगायची सोयच नाही, तिथे पानावरच एक छोटं बटण: "न सरकता". वेग तिने असा ठेवला की बाईंचा हात वर जाऊन खाली यायच्या आत पान पोचेल, माळी असो की शेजारचं कडवं. निघताना हळू, मधे भरभर, थांबताना पुन्हा हळू. आणि चाकाला कुणी हात लावला की पानाने तिथल्या तिथे लगाम सोडून द्यायचा, वाद घालायचा नाही. यातलं काहीच एखाद्या ब्राउझरला जमलं नाही, तर साधी उडी तरी नक्की बसेल, एवढं तिने शेवटी बघितलं. प्रवासी थांब्यावर राहायला नको.

रंगवाल्याने ते सगळं वाचलं. मग ऑफिसात होती नव्हती तेवढी जुनी-नवी यंत्रं त्याने ओळीने टेबलावर मांडली, आईकडून आणलेला जुना फोनसुद्धा, आणि दोघांनी एकेकावर "माळी" दाबून बघितलं. एकावर पान उडालं, बाकी सगळ्यांवर सरकलं. जिथे उडालं तिथेही कडवं पिवळं झालं. बघूसाहेब दारात उभे राहून बघत होते. त्यांनी पाय ठेवायचा तो जुना कॉम्प्युटरही माळ्याच्या कडव्यावर पोचलेला पाहिला आणि म्हणाले, "फर्निचरवाल्यांच्या पानाला हे लावू. सगळ्यांच्याच पानांना लावू." ऑफिसात क्षणभर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. साहेबांच्या तोंडून "लावू" कुणी ऐकलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या रविवारी हॉल भरला. पोहून आलेली माणसं ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून मागे उभी राहिली. ड्रायव्हरबाई लोखंडी पेटीशेजारी माउस धरून बसल्या. शिंपीकाका त्यांच्या नेहमीच्या जागी, मांडीवर टॅबलेट, त्यावर तेच पान न सरकता, खाली मान. बाईंनी श्रोत्यांकडे वळून विचारलं, "कुणाचं ऐकायचं?"

"पोस्टमन," कुणीतरी म्हणालं.

ड्रायव्हरबाईंनी दाबलं. त्या जुन्या, प्रिंटरशी अबोला धरलेल्या यंत्रातून पान निघालं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याबरोबर खाली उतरल्या. पान थांबलं, कडवं उजळलं, बाईंचा हात खाली आला, आणि वृंद एका तोंडाने सुरू झाला. शिंपीकाकांचा खालचा सूर पहिल्या अक्षरापासून होता. नणंदेने गाता गाता भुवया उंचावून वहिनीकडे बघितलं. वहिनीने बघितलं न बघितलं केलं, पण तिचा पाय टेबलाखाली ताल धरायला लागला होता.

मग काय, लोकांना चव लागली. बेकरीवाला, नळवाला, परत पोस्टमन. एका लहान मुलीला गाण्यापेक्षा सरकणं आवडलं. ती वरच्या टोकाचं नाव सांगायची, मग खालच्या टोकाचं. बाईंनी तीन वेळा तिचं ऐकलं आणि चौथ्यांदा तिच्या आईकडे बघितलं. इस्त्रीवालीच्या कडव्याला नणंद इतकी मोठ्याने गायली की खालच्या तलावातल्या शिट्ट्या थांबल्यासारख्या वाटल्या.

आणि मग मागून पोहायची टोपी घातलेली एक बाई म्हणाली, "दाताचा डॉक्टर."

दाताच्या डॉक्टरचं कडवं नव्हतं. बाईंनी वृंदाकडे बघितलं, वृंदाने ड्रायव्हरबाईंकडे. वरच्या नावांत दाताचा डॉक्टर नाही हे तिला माहीत होतं. पण माणूस हात दाखवून उभा असताना बस पुढे न्यायची तिला सवय नव्हती. तिने माउसचं चाक फिरवत पान तळापर्यंत नेलं, माळ्याच्याही खाली, जिथे फक्त पांढरी मोकळी जागा उरते, आणि तिथे थांबवलं.

बाईंनी त्या पांढऱ्या भिंतीकडे एकवार बघितलं. त्यांचे डोळे बारीक झाले. "इस्त्रीवालीची चाल," त्या वृंदाला म्हणाल्या. "शब्द नाहीत. तोंड पूर्ण उघडायचं. आ करायचं."

आणि अख्खा वृंद, समोरच्या कोऱ्या पानाकडे बघत, पहिल्यापासून शेवटपर्यंत एक कडवं नुसतं "आ"वर गायला. दुसऱ्या ओळीला श्रोत्यांना समजलं. तिसऱ्या ओळीला तेही सामील झाले. टोपीवाल्या बाईने तर टोपी काढून तोंड उघडलं. नंतर कळलं, ती स्वतःच दाताची डॉक्टर होती, आणि इतकी निरोगी तोंडं तिने एका जागी कधी बघितली नव्हती म्हणे. ड्रायव्हरबाईंचा नवरा शेवटच्या रांगेत होता. तोसुद्धा आ करून बसला होता, आणि गाणं संपल्यावर बराच वेळ तसाच राहिला.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरताना तलावाचे मॅनेजर आले आणि पेटीवर हात ठेवून अभिमानाने म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं ना, याला काही शिकवावं लागत नाही." ड्रायव्हरबाईंनी माउस पुसून पेटीवर ठेवला. शिंपीकाकांनी टॅबलेट पिशवीत घातला आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "ते पिवळं मला आवडलं. टाचणी लावल्यासारखं."

त्यानंतर ड्रायव्हरबाई दर शनिवारी तालमीला जाऊ लागल्या. नव्या कडव्यांचं काम त्यांच्याकडेच आलं, आणि पहिलं नवं कडवं अर्थातच दाताच्या डॉक्टरचं होतं, या वेळी शब्दांसह. पान चालवता चालवता त्या हळूच गुणगुणायच्या. काही शनिवार बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एकदा तालीम संपल्यावर त्यांना बाजूला घेतलं.

"तुमचा आवाज चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या रांगेत या. पान दुसरं कुणीतरी चालवेल."

ड्रायव्हरबाई लाजल्या. मग पडद्याकडे बघितलं, मग माउसकडे.

"गाईन, बाई," त्या म्हणाल्या. "पण इथे बसूनच गाईन."

बाईंनी थोडा विचार केला आणि माउसशेजारी त्यांच्यासाठी माइकचा एक दांडा आणून उभा केला.